कोणत्या दाराची कडी?

“खोटं आहे हे! साफ खोटं! कडी या दाराला नव्हतीच!”

चिमणीचा आवाज तुरुंगाच्या त्या लांबट शिवणखोलीत असा काही घुमला, की भिंतीवरच्या चित्रांपुढे कुजबुजणारी माणसं एकदम गप्प झाली, दाराशी बसलेली पहारेकरीण खुर्चीतून निम्मी उठली आणि शिंपीणबाईच्या काळजाचं... काय झालं म्हणून सांगावं! एक तप उलटून गेल्यावर पोटची पोर पहिल्यांदा समोर उभी होती. या भेटीचे किती मनोरे रचले होते तिनं! पोर येईल, आधी रुसेल, मग रडेल, मग आपण तिला पोटाशी धरू... आणि पोर आली ती ‘आई, कशी आहेस’ एवढंही न विचारता तरातरा चित्रापाशी गेली आणि डाव्या दारावरच्या करड्या चिंधीवर तिनं बोट ठेवलं.

चित्र म्हणजे तरी काय, चिंध्याच त्या! कैद्यांचे कपडे शिवून उरलेली कात्रणं एकावर एक बेतून, टाचून शिंपीणबाईनं आपलं जुनं शिवणाचं दुकान उभं केलं होतं. मशीनवर बसलं की समोर जे दिसायचं तेच सगळं जिथल्या तिथे. मधोमध मशीन, त्याचं चाक उजव्या हाताला, आणि मागच्या भिंतीत जुळ्या बहिणींसारखी दोन तपकिरी दारं. डावीकडचं कापडाच्या कोठीचं, उजवीकडचं दुपारी जरा पाठ टेकायच्या खोलीचं. डाव्या दाराला करड्या चिंधीची कडी घातलेली.

हे प्रदर्शन शिंपीणबाईचं अपील चालवणाऱ्या वकीलबाईंच्या डोक्यातून निघालं होतं. ‘मी गुन्हा केला नाही’ म्हणून वर्षानुवर्षं टाहो फोडणाऱ्या बायकांना त्यांनी एकच अट घातली होती. फुलंपाखरं नकोत, जिथे तुमच्यावर आळ आला ती जागा करा! मग कुणी साबणाच्या वड्या कोरून जिना केला, जिथून तिनं सासऱ्याला ढकललं असं जग म्हणत होतं. शाळेतली नोकरी आणि अब्रू एका दिवसात गमावून बसलेल्या मास्तरीणबाईंनी कोळशानं आपला रिकामा वर्ग काढला. आणि शिंपीणबाईनं दुकान शिवलं.

त्या दुकानात शिंपीणबाईची धाकटी जाऊ गुदमरून मेली होती.

दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य साऱ्या गल्लीला ठाऊक! नवरा गेल्यावर दुकान शिंपीणबाईनं स्वतःच्या हिमतीवर सावरलं, दीर आणि जाऊ मदतीला होती, आणि भांडी म्हटली की आवाज व्हायचाच. त्या दिवशी सकाळीच दोघींची चांगली जुंपली होती. जाऊ पाय आपटत बाहेर पडली ती कधी दुकान रिकामं असताना परत येऊन उजवीकडच्या त्या खोलीत निजली, कुणाला पत्ता नाही. दुपारी कापडाच्या कोठीत आग लागली. शिंपीणबाईनं आग पसरू नये म्हणून कोठीचं दार ओढून कडी घातली आणि ‘धावा, धावा’ ओरडत ती रस्त्यावर आली. छप्पर कोसळलं, दोन्ही दारांचा कोळसा झाला. खोलीत जाऊ सापडली... आणि मग सगळ्यांनी विचारलं, हिनं कडी घातली ती नेमकी कोणत्या दाराला?

उत्तर दिलं चिमणीनं. कोर्टात दुकानाचा नकाशा टांगला होता, उंच स्टुलावर त्या चिमुरडीला उभी केली होती, आणि तिनं आपलं इवलंसं बोट उजव्या दारावर ठेवलं होतं. काकूच्या दारावर!

शिंपीणबाईचे तेव्हाचे वकील पोरीला उलटसुलट विचारायला उठले. ‘कुणी पढवलंय तुला? बोल!’ म्हणून ते गरजले, आणि पोर भीतीनं थरथरायला लागली. तेव्हा पिंजऱ्यातून शिंपीणबाईच ओरडली होती, “नका हो छळू तिला! माझी चिमणी खोटं बोलत नाही!” संपलं! खुद्द आईनंच असं म्हटल्यावर न्यायाधीशांना आणखी काय हवं होतं?

जन्मठेपेपेक्षाही भयंकर अशी एक शिक्षा ती स्वतःच्या मनाला देत आली होती. माझी पोर खोटं बोलत नाही, मग माझेच हात खोटे का? त्या धुरात, त्या घाईत, मनात सकाळच्या भांडणाचा जाळ असताना, माझ्या या हातांनी... छे! आणि तरीही...! म्हणून तर ती कडी तिनं कितीदा डाव्या दाराला शिवली, उसवली, उजव्याला लावून पाहिली, पुन्हा उसवली. दोन्ही दारांच्या कापडाची सुईनं चाळण झाली होती. हातांना काहीतरी आठवेल या आशेवर ती वर्षानुवर्षं तेच दुकान शिवत होती. आणि आज प्रदर्शनासाठी, देवाचं नाव घेऊन, तिनं कडी डाव्या दाराला ठेवली होती.

वकीलबाई लगबगीनं पुढे आल्या. मोठ्या मिनतवारीनं त्यांनी अपिलाची सुनावणी पुन्हा उभी केली होती, आणि चिमणी साक्षीला आली तरच त्यात काही जीव होता. “शांत हो बाळ, आधी बस तरी जरा.”

“मी बसायला आले नाही.” किती उंच झाली होती चिमणी! बापासारखी हनुवटी, आणि केस कापायच्या दुकानात दिवसभर उभी राहून कातरीनं घट्टे पडलेली बोटं. “आई, काकांनी मला वाढवलं. ज्यांची बायको गेली त्यांनी! एका शब्दानं कधी तुझा उद्धार केला नाही त्यांनी, पण घरात तुझं नावही कधी निघालं नाही. मी रोज विचार करते, माझी आई असं करूच कशी शकते? आणि रोज डोळ्यांसमोर तीच कडी येते! मला फक्त एकदा खरं सांग. केलंस ना तू? एकदा हो म्हण... म्हणजे मी सुटेन गं यातून!”

शिंपीणबाईनं एवढंच विचारलं, “तू... तू तेव्हा रस्त्यावरून पाहत होतीस ना गं? दारातून?”

“रस्त्यावरून कशाला? मी कापायच्या टेबलाखाली होते. माझी जागाच नव्हती का ती? तू कडी घातलीस, धूर वाढला, तशी रांगत बाहेर आले.”

टेबलाखाली...!

शिंपीणबाईच्या अंगातून वीज गेली. ती रस्त्यावर येऊन ओरडत होती तेव्हा पोर तिथेच बाजूला उभी दिसली होती. सगळे धरून चालले होते की तिनं तिथूनच आत पाहिलं, आणि तसंच का म्हणून कुणी तिला विचारलंही नव्हतं. पण त्या टेबलाला दोन्ही दारांच्या बाजूनं कापडाचा पडदा असायचा, पार जमिनीपर्यंत. तिथे बसलेल्या पोराला मागची दारं दिसणं शक्यच नव्हतं! समोर, रस्त्याच्या बाजूच्या भिंतीवर, गिऱ्हाइकांनी कपडा अंगाला लावून बघायचा तो पुरुषभर उंचीचा आरसा होता. चिमणी दिवसभर टेबलाखालून त्या आरशातच दुकान बघत बसायची, आणि दुपारी आईकडे बघून आरशातल्या आरशात वेडावून दाखवायची. त्या दिवशीही पोरीनं आईला आरशातच पाहिलं होतं! आरशात डावं ते उजवं, उजवं ते डावं... दारं दोन्ही एकसारखी, मध्ये धूर... पोरीला कडी उजवीकडे दिसली, आणि नकाशावर तिनं बोट उजवीकडे ठेवलं.

पोर खोटं बोलली नव्हती. आणि हातही खोटे नव्हते... देवा! हे हात निर्दोष होते!

केवढा तो आनंद! ओरडून साऱ्या तुरुंगाला सांगावं, वकीलबाईंच्या गळ्यात पडावं, नाचावं! शब्द अगदी ओठांवर आले... आणि तिची नजर पोरीच्या चेहऱ्याकडे गेली. ती कोवळी, जागरणानं काळवंडलेली, उत्तरासाठी आसुसलेली मुद्रा! हिला काय सांगायचं? की बाळ, तुझ्या आईनं काहीच केलं नव्हतं, तुझ्याच त्या बोटानं तिला एक तपभर इथे कोंडलं? आज ती ‘माझी आई वाईट’ एवढंच ओझं वाहते आहे. उद्या ‘मी आईचा जन्म जाळला’ म्हणत मरेपर्यंत झुरेल. एकदा आपण सुटू, पण ही कधी सुटणार?

बायका म्हणतात, आईचं काळीज वेडं. वेडंच असतं ते! सारासार विचार केला असता तर तिनं पुढचं केलं नसतं.

ती चित्रापाशी गेली. खाली वाकून तिनं कडीचा दोरा दातांनी तोडला, ती करडी चिंधी डाव्या दारावरून काढली आणि मास्तरीणबाईंच्या पदराची टाचणी ओढून उजव्या दाराला टोचली. जावेच्या दाराला! टाचणी बोटात रुतली तरी तिला कळलं नाही.

“चुकलं होतं माझं,” ती म्हणाली. “तू म्हणतेस तेच खरं, चिमणे. केलं मी. झालं ना तुझं समाधान? आता जा घरी. सुखानं राहा.”

“शिंपीणबाई!” वकीलबाईंच्या हातातली फाइल खाली पडली. “काय बोलताय कळतंय का तुम्हाला? ही पहारेकरीण ऐकतेय, इतकी माणसं ऐकतायत... सुनावणी तोंडावर आलीय! जन्मात बाहेर पडणार नाही तुम्ही!”

“मला बाहेर पडायचंच नाही.”

“अहो, पण वर्षभर माझ्या उशाला बसून रडत होतात ना, ‘माझ्या हातांनी केलं नाही हो’ म्हणून!” मास्तरीणबाई कळवळून म्हणाल्या. “आणि आज एकाएकी...”

“तुम्ही गप्प बसा, बाई! पाया पडते तुमच्या!”

चिमणीला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं, तिनं आता पाठ फिरवायला हवी होती. पण ती चित्राकडे टक लावून बघत होती. उजव्या दाराला कडी... आणि उजव्याच बाजूला मशीनचं चाक...

“असं नव्हतं,” ती पुटपुटली.

“आता आणखी काय नव्हतं!” शिंपीणबाई जवळजवळ खेकसलीच. “तुला हवी तिथे लावली ना कडी? जा म्हणते ना!”

“नाही, थांब. मला अजून दिसतं ते. कडी इकडे होती, पण चाक... चाक तिकडे होतं. डावीकडे. कडी आणि चाक एका बाजूला नव्हतं, आई. मधे तू होतीस.”

“काहीतरीच!” मास्तरीणबाई सहज बोलून गेल्या. “मशीनचं चाक कधी डावीकडे असतं का, पोरी?”



दिवसाचे दहा तास आरशासमोर उभी राहून लोकांचे केस कापणारी पोर ती! गिऱ्हाईक आरशात बघून ‘इकडचे जरा कमी कर’ म्हणतं आणि नवखी मुलगी भलत्याच बाजूला कातरी लावते, हे तिच्या हातूनही घडलेलं. तिला आणखी कुणी काही सांगायची गरज नव्हती. तिचा चेहरा हळूहळू पांढराफटक पडत गेला, आणि शिंपीणबाई दोन्ही हात पुढे करून धावली, जणू पोर उंचावरून पडत होती.

“नाही गं, तसं काही नाही... तू लहान होतीस... मीच केलं, मीच...”

“आरसा,” चिमणी म्हणाली. “आई... मी आरशात बघत होते.”

आणि ती मटकन खाली बसली. असा हंबरडा फोडला पोरीनं, की साबणाचा जिना करणारी ती कठोर बाईसुद्धा तोंड फिरवून डोळे पुसू लागली. “मी केलं गं! मी तुला इथे टाकलं! माझ्या या बोटानं...” ती ते बोट फरशीवर आपटू लागली, आणि शिंपीणबाईनं ते मुठीत घट्ट धरून छातीशी दाबलं. एवढ्या वर्षांत लेकीचा पहिला स्पर्श झाला तो असा! पहारेकरणीनं भेटीची वेळ संपल्याची घंटा हातात घेतली, आणि न वाजवताच खाली ठेवली.

बऱ्याच वेळानं वकीलबाई हळूच म्हणाल्या, “हे कोर्टात सांगशील, बाळ?”

“सांगेन.”

“नाही!” शिंपीणबाई कडाडली. “खबरदार! भर कोर्टात तिला पुन्हा उभी करणार? लोक काय काय बोलतील तिला! आईला जेलमध्ये धाडणारी म्हणून बोट दाखवतील, लग्नकार्यात, रस्त्यात, दुकानात... वकीलबाई, मी अपील मागे घेते. माझं काय, मला इथली सवय झालीय. माझं अर्धं आयुष्य गेलं, तिचं सगळं पुढे आहे.”

चिमणीनं डोळे पुसले. वर पाहिलं तेव्हा त्या डोळ्यांत दुःख होतं, पण त्याहून जास्त संताप होता.

“आत्ता तुला कळलं होतं ना, आई? मी टेबलाखाली म्हटलं तेव्हाच कळलं होतं तुला! आणि तरी तू ती कडी काकूच्या दाराला लावलीस. माझ्या तोंडावर ‘केलं मी’ म्हणालीस!”

“तुझ्यासाठीच गं, सोन्या...”

“माझ्यासाठी? तेव्हाही कोर्टात माझ्यासाठीच वकिलांना गप्प केलंस. वकिलांनी दोन प्रश्न विचारू दिले असतेस, ‘कुठे बसली होतीस’ एवढं जरी कुणी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं! मी रडले असते, फार तर रात्री दचकून उठले असते, पण उशाशी तू असतीस! मला आई हवी होती गं... तुझा त्याग नको होता मला! पहिल्यांदा न्हातीधुती झाले तेव्हा शेजारणीला विचारावं लागलं. ताप चढला की भिंतीकडे तोंड करून पडायचे. आणि आज पुन्हा तेच? पुन्हा मला वाचवायला निघालीस आणि पुन्हा मला आईविना ठेवणार?”

शिंपीणबाईला कुणीतरी सणसणीत मुस्कटात मारावी तसं झालं. आयुष्यभर ज्या त्यागाला उराशी धरून ती जगली, रात्री झोप येईना तेव्हा ‘निदान पोरीसाठी सोसलं’ म्हणून ज्याच्यावर डोकं टेकलं, तो त्याग पोरीच्या वाट्याला असा आला होता! पोरीला खऱ्याचा जाच झाला असता, हो, झाला असता. पण तो सोसायला तिच्याजवळ कुणीतरी असतं. मग तिनं उजव्या दारावरची टाचणी काढली, कडी हातात घेतली आणि म्हणाली, “बोल मग. सगळं बोल. मी मधे येणार नाही.”

सुनावणीच्या दिवशी शिंपीणबाईनं शब्द पाळला, पण कसा पाळला ते तिचं तिला माहीत! सरकारी वकील पोरीवर तुटून पडले. “तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय? आईनं पढवलं का? वकिलांनी?” पिंजऱ्याचा कठडा शिंपीणबाईनं इतका घट्ट धरला होता की नखं दुखायला लागली. तोंडातून शब्द फुटू नये म्हणून तिनं ओठ दातांखाली धरला. चिमणीचा आवाज एकदा फाटला, दुसऱ्यांदा फाटला, पण ती थांबली नाही.

“मी दोन्ही वेळा दिसलं तेच सांगितलं. कुठून दिसलं ते तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि मला ते सांगायचं असतं हे कळत नव्हतं. माझ्या चुकीनं माझी आई आत आहे. हे मी सगळ्यांसमोर सांगते.”

“आणि हा आरसा तिथेच होता कशावरून?” सरकारी वकिलांनी हेटाळणीनं विचारलं. “आग लागली, सगळं जळालं, आता काय वाटेल ते म्हणावं!”

तेव्हा मागच्या बाकावरून एक वाकलेला माणूस उठला. शिंपीणबाईनं त्याला आधी ओळखलंच नाही. तिचा दीर!

“मी बसवला होता तो,” तो म्हणाला. “आमच्या हिनं पसंत केला होता. रस्त्याच्या भिंतीला, टेबलाच्या बरोबर समोर.” साक्षीच्या जागी आणून शपथ देवविली तेव्हा त्यानं तेच पुन्हा सांगितलं, शब्दाला शब्द. खाली उतरताना तो पिंजऱ्यापाशी थबकला. “वहिनी... इतकी वर्षं मी तुम्हाला...”

“पोर वाढवलीत माझी, भाऊजी,” शिंपीणबाई म्हणाली.

निकाल लागायला बरेच दिवस गेले. शेवटी सुटकेचे कागद आले. मास्तरीणबाई गळ्यात पडून रडल्या, त्यांचा निकाल अजून लागायचा होता. “बाहेर जाऊन आम्हाला विसरू नका हो,” त्या म्हणाल्या. शिंपीणबाईनं त्यांचे हात हातात घेतले आणि भेटीच्या दर दिवशी यायचं कबूल केलं.

फाटकाबाहेर चिमणी एकटीच उभी होती. काका येतो म्हणाले होते, तिनंच नको म्हटलं होतं. दोघी रस्त्याच्या कडेनं चालू लागल्या. बसथांबा जवळ होता, पण कुणालाच घाई नव्हती. मोकळ्या रस्त्यावर चालायची सवय गेलेली शिंपीणबाई सारखी अडखळत होती आणि पोर दर वेळी तिचा दंड धरत होती.

थांब्यावर कुणी नव्हतं. बाकावर बसल्यावर चिमणीनं खाली मान घालून विचारलं,

“आई, एक विचारू? खरं सांगशील?”

“विचार की.”

“मी तेव्हा ते बोट ठेवलं... तुला माझा राग आला होता?”

‘नाही गं, वेडे! लेकराचा कधी राग येतो का?’ हे उत्तर शिंपीणबाईच्या जिभेवर तयार होतं. वर्षानुवर्षं स्वतःशी घोकलेलं, गोड, सोसणाऱ्या आईचं उत्तर. तिनं तोंड उघडलं, आणि पोरीचा जीव डोळ्यांत गोळा झालेला पाहिला. पोर माफी मागत नव्हती. पोर खरं मागत होती.

“आला होता,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज तुटला. “फार आला होता गं! पहिल्या वर्षी तर तुझं नाव घेतलं तरी अंगाची लाही व्हायची. पोटची पोर, आणि हिनं असं करावं! रात्री उशीत तोंड खुपसून मी तुला शिव्या दिल्यात, चिमणे... आणि मग तुझ्याच आठवणीनं रडले.”

चिमणीच्या खांद्यांवरचं काहीतरी एकदम उतरल्यासारखं झालं. ती आईच्या मांडीवर डोकं टाकून हुंदके देऊन रडू लागली, लहानपणी रडायची तशी, नाक ओढत, कसलीही लाज न बाळगता... आणि शिंपीणबाई तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. बस आली, थांबली, आणि त्यांना न घेताच निघून गेली.

“बस गेली, आई.”

“जाऊ दे,” शिंपीणबाई म्हणाली. “दुसरी येईल.”